भागवतकाका आणि वेल्सच्या पाट्या

आमच्या भागवतकाकांनी एकदा गाडीतल्या सॅटनॅवमधल्या, रस्ता सांगणाऱ्या बाईशी भांडण केलं. वेल्सच्या किनाऱ्यावर ती एका गावाला ‘लॅन्डुड्नो’ म्हणाली. काका म्हणाले, “बाई, ह्लानडिडनो.” ती पुन्हा ‘लॅन्डुड्नो’च म्हणाली. तेव्हा त्यांनी तिला बंद करून टाकलं, आणि आजतागायत ती त्यांच्या गाडीत बोललेली नाही.

काका आमचे लंडनजवळच्या वॉटफर्डमधले शेजारी, निवृत्त डॉक्टर. एरवी स्वभावाने गरीब. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला कोणी विसरलं, तर काही न बोलता स्वतः ठेवून येतात. फक्त वेल्समधल्या गावांची नावं कोणी वेडीवाकडी घेतली की त्यांचं डोकं फिरतं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात एका गृहस्थांनी सहज सांगितलं, “ईस्टर हॉलिडेजमध्ये आम्ही लॅन्डुड्नोला गेलो होतो.”

काकांनी ताट खाली ठेवलं. “कुठे?”

“लॅन्डुड्नोला.”

“मग तुम्ही तिथे गेलाच नाहीत.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यानंतर गृहस्थांची शिकवणी सुरू झाली. जिभेचं टोक ‘ल’ म्हणताना जिथे लागतं तिथे लावायचं, तिथेच ठेवायचं आणि बाजूंनी जोरात हवा सोडायची. गृहस्थांनी सोडली. तोंडात मसालेभात असताना हा उच्चार करू नये, एवढं त्या दिवशी आमच्या टेबलावर सगळ्यांना कळलं.

काकांची इथली पहिली नोकरी वेल्समधल्या समुद्रकाठच्या एका हॉस्पिटलात होती. “पेशंटला त्याच्या गावाचं नाव नीट घेऊन विचारलं ना, की निम्मं दुखणं तो आपणहून सांगतो,” असं ते म्हणतात. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते आणि माझ्या आडनावाची तिथे रोज नव्याने मोडतोड होते, त्यामुळे मला हे पटतं.

काकांची चूक काढू शकेल अशी व्यक्ती एकच, शैलाकाकू. “अहो, तुमचे उच्चार वॉर्डातले. मी दुकानाच्या रांगेत उभी राहून शिकलेय,” असं त्या ऐकवायच्या. दर उन्हाळ्यात दोघं त्या किनाऱ्याने गाडीतून जायची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि ही दोघं बघणार पाट्या. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने चूक काढायची. मी एकदा बरोबर गेले होते. समुद्र मी एकटीनेच पाहिला.

मागच्या हिवाळ्यात काकूंना स्ट्रोक आला. चालणं सुधारलं, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र बाहेर यायचा नाही. स्पीच थेरपिस्ट घरी येऊन, बिचारी गोड आवाजात, सफरचंदाचं चित्र दाखवायची. मंडळाच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेल्या काकूंनी त्या चित्राकडे एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि पुढे प्रयत्न करणंच सोडून दिलं.

एका संध्याकाळी काका माझ्या दाराशी आले. “ती ट्रायच करत नाहीये गं. असंच चाललं तर शब्द परत यायचे नाहीत,” म्हणाले. मग जरा थांबून, “मृणाल, सॅटर्डेला फ्री आहेस का? मोटरवेवर आता माझे डोळे साथ देत नाहीत.”

शनिवारी वेल्सच्या वाटेवर मी गाडी चालवत होते, काकू शेजारी, काका मागे. समुद्र दिसायला लागला आणि मागून आवाज आला, “लॅन्डुड्नो.”

मी दचकले. वय झालं काकांचं, असं मनात आलं. थोड्या वेळाने, “कॉनवाय.” मग, “पेनमेनमॉर.” मला राहवेना.

“काका, पेन-माइन-माउर ना?”

“तू रस्त्याकडे बघ.”

इतकं तोडून ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी आरशात पाहिलं. काका पाटीकडे बघत नव्हते, समुद्राकडेही नाही. ते काकूंकडे बघत होते. मुद्दाम चुकीचं वाचायचं आणि ती बोलेल म्हणून वाट बघायची, असं चाललं होतं. मी निमूटपणे रस्त्याकडे बघू लागले.

काकू खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. पुढची पाटी आली तोवर काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“लॅनफेअरफेचन.”

काकूंनी डॅशबोर्डवर हात आपटला.

“न... नाही,” त्या म्हणाल्या. मग अडखळत, थांबत, स्वतःच्याच जिभेवर वैतागत त्यांनी ते अख्खं नाव म्हटलं. “ह्लान... व्हाय... र... वेखन.” आणि दमून मागे टेकल्या.

मी पुन्हा आरशात पाहिलं. काका चष्मा पुसत होते. मग ते पुढे वाकले आणि म्हणाले, “मृणाल, पुढच्या जंक्शनला गाडी वळव. मागच्या सगळ्या पाट्या मला पुन्हा चुकीच्या वाचायच्यात.”