शिव्यांची शिकवणी

मूल मोठे झाले की ते शाळेत घालावे लागते, आणि या आपत्तीतून पोस्टखात्याचे नोकरही सुटलेले नाहीत. सन एकाहत्तरच्या जूनमध्ये दत्तोपंतांची नगरहून काष्टीच्या अलीकडच्या एका गावी पोस्टमास्तर म्हणून बदली झाली, तेव्हा तिसरीतल्या विजयाचा प्रश्न रीतसर उपस्थित झाला. आधीचे पोस्टमास्तर जाता जाता कानात सांगून गेले होते, "गाव सोन्यासारखं. शाळेचं मात्र विचारू नका. एकेक पोर म्हणजे शिव्यांचं पोतं!"

"अहो, आपली विजू रोज रडत घरी येईल हो!" सुनीतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दत्तोपंतांनाही घास गोड लागेना. पोरीला नगरला ठेवावे तर सांभाळणार कोण? अखेर त्यांनी सुशिक्षित माणसाला शोभेल असा निर्णय घेतला. ज्या विषयात मूल कच्चे, त्या विषयाची शिकवणी लावायची.

विषयाच्या तज्ज्ञ गोजरबाई. आठवडेबाजारात त्या भाजी विकत, आणि त्यांच्याशी घासाघीस करायला फौजदारसुद्धा धजत नसे.

"बामनाच्या लेकीला शिव्या शिकवू? आवो, पाप लागंल मला!"

"पाप आमच्याकडे. तुम्ही फक्त अभ्यासक्रम पुरा करा."

पडवीत शिकवणी सुरू झाली. विजया मूळची हुशार. 'मुडद्या'पासून 'तुज्या तोंडात माती पडू'पर्यंत तिने एका बैठकीत मजल मारली, पण आवाजात जोर येईना. "अगं, रामरक्षा म्हणतेस का? पोटातून येऊ दे!" दत्तोपंत ओरडत. सुनीतीबाई सोवळ्यात भाकरी थापता थापता तिच्या चुका दुरुस्त करीत. त्यांना हा विषय कसा येतो, हे विचारण्याचे धाडस दत्तोपंतांना झाले नाही. शेवटी ते स्वतः दांडगा पोरगा बनून लेकीपुढे उभे राहिले, आणि स्वतःच्या आजोबांविषयी तिच्या तोंडून जे ऐकले त्याने त्यांना भरून आले. पोरीच्या हातावर त्यांनी गुळाचा खडा ठेवला.

इकडे गावही धास्तावले होते. नगरची, शिकल्यासवरल्या घरची पोर येणार, आपल्या पोरांना हसणार! घरोघर आया हातात लाटणे घेऊन पोरांची तोंडे साफ करीत होत्या. त्यामुळे विजया मुठी वळून वर्गात शिरली, तेव्हा गावातला अव्वल दांडगा छगन उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "या ताई, बसा. आमी आपलीच वाट बघत हुतो."

विजयाने डोळे मिटले आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

छगन रडत घरी गेला. संध्याकाळी हेडमास्तर काकासाहेब पोस्टात आले. "पोस्टमास्तर, लोक चिडलेत. म्हणतात, ही पोरगी वर्गात असली तर आमी आमची पोरं काष्टीच्या शाळेत घालतो. लई सालस पोरं हायेत हो आमची!"

दत्तोपंत घरी आले. विजया कोपऱ्यात मुसमुसत होती. "बाबा, तो मला ताई म्हणाला हो! आता माझ्याशी कुण्णी बोलत नाही."

 दत्तोपंतांनी लेकीला पोटाशी धरले आणि सुनीतीबाईंकडे वळून म्हणाले,

"ऐकलंस? मी सांगत नव्हतो, शाळा वाईट आहे म्हणून? एका दिवसात पोर बिघडवली!"