मुजीबभाईंचा दरवाजा

मालकांच्या पत्राला मुजीबभाईंनी उत्तर दिलेलं नव्हतं. ‘घरात काय दुरुस्ती हवी ते कळवा,’ एवढंच त्यात होतं. मालक म्हणजे निवृत्त सुभेदारसाहेब. ते मुलाकडे भोपाळला राहत. फोनवर बोललेलं लोक नाकबूल करतात, म्हणून मिरजेच्या घराचा कारभार ते पत्रानेच करत. घरावर देखरेख ठेवायला केरबा होता, पण पत्र आल्याखेरीज त्याला खिळासुद्धा ठोकायची परवानगी नव्हती.

मुजीबभाई तळमजल्यावर भाड्याने राहत आणि पुढच्या खोलीत तंबोरे बनवत. तक्रार करायची त्यांना लाज वाटे. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता पत्र कॅलेंडरामागे गेलं. वरच्या मजल्यावरच्या नाथाजीने मात्र त्याच दिवशी चार पानं लिहिली. त्याला गिझर मिळाला, नवी फरशी मिळाली, बाल्कनीला जाळी मिळाली. शिवाय त्या फरशीखालून मुजीबभाईंच्या खोलीत पाणी ठिबकू लागलं. त्यांनी खाली तंबोऱ्यासाठी आणलेला एक तडकलेला भोपळा ठेवला.

“वर गरम पान्याच्या आंघोळी चालल्यात,” त्यांची बायको समीना म्हणाली, “आन् तेच पानी गार होऊन आमच्या भोपळ्यात येतंय.”

मुजीबभाईंना जेवण गोड लागेना. नाथाजीचा गिझर त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, पण तो डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी केरबाला गाठलं.

“वरच्याला सगळं आन् आमाला काय न्हाई?”

“पत्राला उत्तर दिलंसा का?”

“न्हाई.”

“मग? आता लिवलं तर साहेब आदी उशिराचं कारण इचारतील.”

त्यापेक्षा आपणच काहीतरी करावं, असं मुजीबभाईंनी ठरवलं. तंबोऱ्यावर करतात तसली नक्षी त्यांनी घराच्या दरवाजावर काढली. पांढऱ्या पट्ट्यांच्या वेली, कडेला पानं, वर झकास पॉलिश. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. नाथाजी जिन्यातच अडकला.

“मालकांनी दिला व्हय?”

“आता काय सांगायचं,” मुजीबभाई म्हणाले आणि पॉलिशचं फडकं उगाच आणखी एकदा फिरवलं.

नाथाजीने त्याच दिवशी दरवाजाचा फोटो छापून घेतला आणि भोपाळला धाडला. ‘खालच्यांना महाल, आणि मला नुसती जाळी?’

उत्तर केरबाच्या नावे आलं. ‘घर इतकं सुंदर झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. इथे सुनेचं नि माझं जमत नाही. दिवाळीनंतर तिकडेच येऊन राहतो. तळमजला मोकळा करून घ्या.’

मुजीबभाई भोपळ्यांच्या राशीशेजारी खाली बसले. “भुसा न् पॉलिशचा वास बघून आमाला दुसरं घर कोन देनार, केरबा?”

“त्ये जुनं पत्र हाय न्हवं? दुरुस्तीचं इचारलंय त्यात. लिवा खरं खरं, मग बघू साहेब येत्यात का.”

पण मुजीबभाईंचं पेन हलेना. शेवटी ते कागद घेऊन वर नाथाजीकडे गेले. या कामात त्याचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. मालक पायाशी येऊन राहणार म्हटल्यावर नाथाजीचाही जीव धास्तावला होता.

“बसा. छत गळतंय लिवा. धार लागलीया म्हना.”

“थेंब हाय.”

“मग मोठा थेंब लिवा. भिंतीला ओल. मोरीत वास. मुंग्या हायत का?”

“हायत.”

“लय झाक.”

नाथाजी डिंक आणायला आत गेला. मुजीबभाईंनी पहिल्यांदाच वरचं घर नीट पाहिलं. फरशी चकचकीत होती. जाळीतून वारा येत होता. न्हाणीच्या दाराआड गिझरचा लाल दिवा लागला होता. त्यांचं पेन आपोआप चाललं. ‘वरचा मजला मात्र फार छान आहे. फरशी नवी, वारा भरपूर, गरम पाणी केव्हाही. उत्तराला उशीर झाला, माफी असावी.’

त्यांनी कागद घडी करून पाकिटात घातला. नाथाजीने येऊन त्याला डिंक लावला आणि मुठीने दाबला.

“द्या हिकडं. तुमी परत कॅलेंडरामागं ठिवाल.” पायात चपला सरकवून तो स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेला आणि पत्र आत टाकून, नीट पडलं का ते वाकून बघून आला.