सुधाबाई आणि माझा लोंबता पंजा

सुधाबाई आमच्याकडे आल्या की माझी विचारपूस करत नाहीत. माझ्या मानेशी वाकून विचारतात, "काय मंग, बांधकाम कुठवर आलं?"

मान माझी, पण प्रश्न मला नसतो. मानेतल्या मज्जारज्जूत ज्या पेशी माझा पंजा हलवतात, त्यांना असतो. सिंदेवाहीत सुधाबाईंचं घर आमच्या घराला लागून. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. शिकवणं तेवढं सुटलं नाही.

पंजा गेला तो माझ्या शौर्यापायी. जंगलातल्या रस्त्यानं स्कूटरवर येत होतो. झुडूप खसखसलं. 'वाघ!' म्हणून मी चालत्या स्कूटरवरून उडी घेतली. दंडाचं हाड मोडलं, त्याला खेटून जाणारी नस दुखावली. झुडपातून डुक्कर निघालं, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेनं गेलं. हाड जुळलं, पंजा मात्र वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबत राहिला.

"आता कसं होईन, बाई?" मी रडकुंडीला आलो.

"पेशी तुमच्यावानी रडत नाई बसत, भाऊ. नसेतला दोरा तुटला का तिथली प्रथिनं खबर घेऊन पार पेशीच्या केंद्रकात जातात. लहानपणापासून झोपलेली जनुकं उठतात. स्नायूले हुकूम देनं बंद, दोरा वाढवाचा माल बनवनं सुरू. रोज मोहरीएवढा वाढते."

"मोहरीएवढाच?"

"तुमाले काऊन घाई? कुठी उडी माराची आहे?"

रोज सकाळी येऊन त्या माझा पंजा वरखाली करायच्या. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा तुमच्या पेशीच कामाच्या."

काही महिन्यांनी एका सकाळी मनगट सुधाबाईंनी न धरताच उचललं गेलं. जरासंच. मी ओरडलो. मला वाटलं, आता जनुकांवर व्याख्यान होणार.

"आमच्या ह्यांचाबी हात असाच लोंबला होता," त्या हळूच म्हणाल्या. "पन त्यांच्या पेशीच मरत गेल्या. मंग पाय गेले, बोलनं गेलं. खबर घ्याले आत कोनी उरलंच नाई. मले सगळं समजत होतं, भाऊ. करता काई नाई आलं."

सुधाबाईंनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"उचला बरं अजून एकदा."

मी मनगट उचललं.

"अजून."


मनगट थकून थरथरायला लागलं, तरी मी उचलतच राहिलो.