अरबी समुद्रातल्या वड्या

तुळशीराम गुरुजींनी ठरवले ते एवढेच, की शाळेचा फळा काळा करावा.

यात काही वाईट होते असे कोणी म्हणणार नाही. शाळेत फळा एकच, आणि तो इतका पांढरट पडला होता की त्यावर खडूने काही लिहिले तर ते फक्त गुरुजींनाच दिसे. (कारण काय लिहिले ते त्यांना आधीच माहीत असे.) त्यातून येत्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार होते. जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली, त्यानंतरची ही पहिलीच मोठी तपासणी. आणि तिच्यावर गावाची पाचवी टांगलेली होती.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचे तर नाला ओलांडून देऊळघाटाला चालत जायचे. मुलगे जात, मुली घरी बसत. यंदा चौथीत जनका होती. सरपंच अर्जुनरावांची ही मुलगी हुशार, पण इतकी लाजरी, की हजेरीच्या वेळी "हजर" हा शब्दसुद्धा पाटीच्या आडून म्हणायची. अर्जुनरावांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकले होते, "गुरुजी, गावात पाचवी आणा, पोरगी शिकवतो. नाही आणली तं उन्हाळ्यापासून माह्यासंग वावरात."

आणि साहेब पाचवी देणार ते चौथीचे गणित पाहून. मागच्या तपासणीचा शेरा दोनच शब्दांचा होता: 'गणित कच्चे.' तेव्हापासून गुरुजींना झोपेत पाढे म्हणायची सवय लागली होती. 'सात सक' म्हणून ते अडत, आणि कूस बदलली की 'बेचाळीस' म्हणत.

तर गुरुजींनी फळा घरी आणला. तव्यामागची काजळी खरवडली, भांगऱ्याचा पाला वाटून त्याचा रस काढला, दोन्ही एकत्र केले आणि फळ्यावर हात दिला. वर खिळ्याने नऊ सरळ रेघाही आखल्या, म्हणजे साहेबांसमोर अक्षर डोंगर चढणार नाही. मग फळा शिडीने घराच्या सपाट धाब्यावर नेऊन आडवा ठेवला आणि खाली येऊन बायकोला म्हणाले, "धाब्यावर ठेवला हाय. उन्हात राहू दे."

काय ठेवला, ते सांगायचे राहिले. मनात पाढे चालू होते.

इकडे गोजरबाई दोन उन्हाळ्यांपासून नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या, की वड्या घालायला एक चांगली गुळगुळीत फळी आणून द्या. त्या धाब्यावर गेल्या. पाहतात तो काय, रुंद, सपाट, आणि वर रेघासुद्धा आखलेल्या. त्यांचे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षे झाली, आणि या माणसाने आज पहिल्यांदा न सांगता मनातले ओळखले होते.

त्यांनी मुगाची डाळ वाटलीच होती. एकेका रेघेवर सात सात वड्या घातल्या. उरलेल्या जुन्या लुगड्यावर.

बुधवारी सकाळी गुरुजी धाब्यावर गेले आणि तिथेच मटकन खाली बसले.

"अवं!" ते वरूनच ओरडले. "अवं, हे काय करून ठेवलं?"

"वड्या," खालून गोजरबाई कौतुकाने म्हणाल्या. "कश्या वळीनं घातल्या, पाहा. तुमी रेघा मारून देल्ल्या म्हून."

"तो फळा होय!"

"कोन्ता फळा?"

"शाळेचा! उद्या साहेब येऊन राह्यले ना!"

गोजरबाई शिडीवर अर्ध्यात थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हंजे माह्यासाठी नोहोता आणला?"

गुरुजींनी नखाने कोपऱ्यातली वडी उचलायला सुरुवात केली. वडीबरोबर काळा पापुद्राही उठू लागला आणि खालून पांढरे लाकूड दिसले. त्यांनी वडी घाईने परत दाबून बसवली.

"वरून वाळल्या, आतून वल्ल्या हायेत त्या," गोजरबाई म्हणाल्या. "आज दिवसभर ऊन खाऊ द्या. संध्याकाळी आपसूक सुटतीन."

संध्याकाळी सुटतील, रात्री पुन्हा हात देऊ, सकाळी फळा शाळेत. गुरुजींनी हिशेब जुळवला. तेवढ्यात अंगणातून ओरडा आला. चौथीतला कडूबा धापा टाकत उभा होता.

"गुरुजी! साहेब येष्टीतून उतरले! सरपंचाच्या घरी चहा पेऊन राह्यले!"

"आज? आज तं बुधवार!"

"मी सांगतलं त्याह्यले," कडूबा म्हणाला. "म्हटलं, तुमी उद्या येनार व्हते. तं ते हासले."

गुरुजींनी डोक्यावर टोपी घातली, टोपीवर फळा घेतला आणि निघाले. वड्या वरच्या बाजूला होत्या. पण चार पावले गेले नाहीत तोच गावातल्या सगळ्या कावळ्यांना बातमी लागली. एक तर थेट फळ्यावर उतरून वड्या मोजाव्या तसा चालू लागला. गुरुजींनी घाबरून फळा पालथा केला, वड्या खाली, आणि तसाच डोक्यावर दाबून धरून पळत सुटले.

ओट्यावर बसलेल्या सोजराबाईंनी विचारले, "काऊन हो गुरुजी, शाळा दुसऱ्या गावाले नेऊन राह्यले काय?"

गुरुजी पळतच पुढे गेले.

शाळेत पोचताच त्यांनी फळा लाकडी घोड्यावर उभा केला. मुले उभी राहिली आणि उभीच राहिली. सगळी फळ्याकडे पाहत होती, मग गुरुजींकडे, मग पुन्हा फळ्याकडे. "कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही!" गुरुजी गरजले. (हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडले.) मग त्यांनी खुंटीवरचा महाराष्ट्राचा नवा नकाशा काढला आणि फळ्यावर टांगला. राज्य होऊन फार वर्षे झाली नव्हती, नकाशाही कोरा करकरीत होता. वड्या झाकल्या गेल्या. गुरुजींनी देवाचे नाव घेतले, तेवढ्यात दारात साहेब.

साहेब पुण्याकडचे, उंच, शांत. शांत साहेबांची गुरुजींना जास्त भीती वाटे. ओरडणारा साहेब ओरडून मोकळा होतो, शांत साहेब लिहितो.

"बसा मुलांनो," साहेब म्हणाले. त्यांनी गुरुजींकडे पाहिले, जरा जास्तच वेळ पाहिले, आणि मिशीला हात लावला. "गुरुजी, फार धावपळ झालेली दिसते."

"नाही साहेब, रोजचेच आहे," गुरुजी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले. घाम कानामागून खाली चालला होता.

साहेब नकाशापाशी गेले आणि बोटाने बुलढाणा शोधू लागले. बोट घसरत पश्चिमेला गेले आणि थबकले. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिले.

"गुरुजी, हा उठावाचा नकाशा आहे का?"

"हो साहेब." गुरुजींच्या तोंडून निघून गेले.

"मग अरबी समुद्रात डोंगर कसले?"

गुरुजींचे डोके पूर्ण रिकामे झाले. "बेटे असतील, साहेब."

"एका ओळीत?"

"समुद्र शांत असला की..." गुरुजी म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचे ते त्यांना मरेपर्यंत सुचले नसते. पण साहेबांनी नकाशाची खालची काठी धरून तो वर उचलला होता.

काळ्याभोर फळ्यावर पिवळ्या वड्या. ओळीत. साहेब पाहतच राहिले.

"हे काय आहे?"

साहेबांनी काही विचारले तर सगळ्यांनी एका सुरात, मोठ्याने उत्तर द्यायचे, असे गुरुजींनी महिनाभर शिकवले होते. त्या एका क्षणी ते शिकवणे कामी आले.

"वड्याऽऽऽ!"

गुरुजींच्या डोळ्यांसमोर सगळे एकदम आले. 'गणित कच्चे' च्या खाली 'फळ्यावर स्वयंपाक'. आपली बदली पार संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. आणि खिडकीजवळ बसलेली जनका, जी उन्हाळ्यापासून वावरात जाणार, ती आपल्या बायकोच्या मूगवड्यांमुळे. "ते... साधन आहे, साहेब," ते म्हणाले.

"कशाचे?"

"गुणाकाराचे."

साहेबांनी भिवया उंचावल्या. "अस्सं? मग बघू." त्यांनी कडूबाला उभे केले. "सांग, किती आहेत?"

कडूबा फळ्यापाशी गेला आणि एकेका वडीवर बोट ठेवून मोजू लागला. तिसऱ्या ओळीत त्याने वास घेतला आणि आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"तू सांग, मुली," साहेबांचा आवाज आला. "खिडकीजवळची."

गुरुजींनी डोळे उघडले. जनका उभी राहिली होती. आज तोंडासमोर पाटी नव्हती, ती हातात खाली होती. बाहेर दारात अर्जुनराव येऊन उभे राहिले होते.

"नऊ ओळी," जनका म्हणाली, इतक्या हळू की साहेब वाकले. "एका ओळीत सात. सात नवे त्रेसष्ट."

"वा!" साहेब म्हणाले.

"पण एकसष्टच हायेत."

"का?"

"मधातल्या ओळीतल्या दोन नाहीत. त्रेसष्टातून दोन गेले, एकसष्ट."

साहेबांनी फळा न्याहाळला. खरेच, पाचव्या ओळीच्या मध्यावर दोन जागा रिकाम्या होत्या. "बरोबर. गुणाकार आणि वजाबाकी, दोन्ही. मग त्या दोन गेल्या कुठे?"

जनकाने मान वर केली. तिने सरळ गुरुजींकडे पाहिले, त्यांच्या कपाळाच्या जरा वर, आणि पटकन मान खाली घातली. बिचारी लाजली, गुरुजींना वाटले. पण वर्गात खुसखुस सुरू झाली होती, आणि फळ्यापाशी उभा होता फक्त कडूबा.

"कडूबा! खाल्ल्यास?"

"नाही गुरुजी! मायची आन! मी नाही खाल्ल्या! त्या तं..."

"तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून सांगितले ना? कान धर! मी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत."

कडूबाने कान धरले. साहेब एकाएकी खिडकीकडे वळले आणि रुमाल तोंडावर धरून बराच वेळ खोकले. त्यांचे खांदे हलत होते. दमा असावा, गुरुजींना वाटले, आणि एवढ्या थोर माणसाला धुळीच्या रस्त्याने यावे लागते याचे वाईट वाटले.

जाताना साहेब अर्जुनरावांना म्हणाले, "पाचवीसाठी मी शिफारस करतो. पहिले नाव तुमच्या मुलीचे घाला."

अर्जुनराव जनकाकडे पाहून म्हणाले, "घालतो साहेब. वावर कुठी पळून चाललं?" आणि उपरण्याने डोळे पुसले.

मग साहेबांनी गुरुजींचा हात हातात घेतला. "गुरुजी, शैक्षणिक साधने शिक्षकाच्या डोक्यात असावी लागतात, असे आम्ही नेहमी सांगतो. पण तुमची गोष्टच निराळी. तुमच्या डोक्यावरसुद्धा आहेत."

हे वाक्य गुरुजींनी घरी जाताना वाटेत चार जणांना ऐकवले. चौघेही फार हसले. लोकांना आपल्या यशाचा इतका आनंद होईल, असे गुरुजींना वाटले नव्हते.

घरी गोजरबाई गाल फुगवून बसल्या होत्या. गुरुजींनी फळा भिंतीला टेकवला आणि सगळी हकिगत सांगितली. समुद्र, बेटे, जनकाचे उत्तर, पाचवी. शेवटी छाती पुढे काढून साहेबांचे वाक्य. गोजरबाईंचे गाल हळूहळू खाली आले. पण त्या गुरुजींच्या तोंडाकडे पाहतच नव्हत्या, तोंडाच्या वर पाहत होत्या.

"किती कमी भरल्या म्हनलं?"

"दोन. त्या कडूब्यानं खाल्ल्या. पण मी त्याले चांगली..."

"गुरुजी," दारातून रडवेला आवाज आला. कडूबा उभा होता. दोन्ही हातांनी दोन्ही कान घट्ट धरलेले. "आता सोडू काय? माय म्हनते, कान धरून जेवता येत नाही."

गोजरबाई उठल्या. त्यांनी हात वर करून गुरुजींची टोपी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. पांढऱ्या टोपीला काजळीचा मोठा काळा डाग पडला होता, आणि त्या डागाच्या बरोबर मध्ये, एकमेकींना चिकटून, दोन मूगवड्या बसल्या होत्या.

"घ्या," गोजरबाई म्हणाल्या. "झाल्या त्रेसष्ट."

गुरुजींनी कडूबाला कान सोडायला सांगितले, तसा तो जेवायला पळाला. मग, घरात दुसरे कोणी नाही असे पाहून, स्वतःचे धरले.

"अवो," गोजरबाई म्हणाल्या, "ते सोडा. माह्या फळीचं काय झालं ते सांगा."