फळीची ओळखपरेड

मी नमतं घेणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या फळीच्या बाबतीत माझं चुकलं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. सगळे म्हणजे बायको, सासरे आणि सासऱ्यांचे चार भाऊ. मी एकटा दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथेच राहणार आहे.

झालं असं, की एका रविवारी मी माळा आवरायला काढला. (बायको सहा महिने सांगत होती म्हणून नव्हे. मला वाटलं म्हणून.) तिथे गोणपाटात गुंडाळलेली एक फळी सापडली. दोन हात लांब, हातभर रुंद, काळपट तपकिरी, अंगावर धुराच्या वळणाच्या रेषा. खाली उतरवताना माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं, तेव्हाच हे लाकूड साधं नाही हे मी ओळखलं. एका कडेला दोन खुंट्या होत्या आणि समोरच्या कडेला दोन भोकं. फळी एखाद्या परदेशी जहाजाची असणार, असं माझं मत झालं. इथून समुद्र किती लांब आहे, हा मुद्दा बायकोने काढला. मोडलेली जहाजं कुठेही जातात, हे तिला माहीत नव्हतं.

“बाबांना फोन करा,” ती म्हणाली. “ते बसल्या जागी सांगतील.”

इथेच ठिणगी पडली. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली आहेत. नुसत्या वासावरून ते लाकडाचं नाव सांगतात. लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून कपाटावर थाप मारून म्हणालो, “अस्सल सागवान.” सासऱ्यांनी कोपऱ्यातला कागद नखाने सोलून मला आतलं प्लायवूड दाखवलं. तेव्हापासून कुठे लाकडाचा विषय निघाला, की ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग बोलतात. अकरा वर्षं मी ही नजर सोसत आलो आहे.

पुढच्या महिन्यात ते चारही भावांना घेऊन आमच्याकडे जेवायला येणार होते. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत फळी त्यांच्यापुढे ठेवायची आणि तिचं नाव मी सांगायचं, तेही शिक्क्यानिशी, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. तिने फक्त घरात भुसा करू नका एवढंच म्हटलं.

पहिला मान सुताराचा. रंधा मारल्याशिवाय लाकडाचा रंग कळत नाही म्हणून त्याने फळीची एक बाजू चांगली तासून काढली, बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “शिसवी असेल.”

“असेल म्हणजे?”

“नसेलही.”

थोरल्या भावाला दाखवतो म्हणून तो वीतभर तुकडा कापून घेऊन गेला. (पुढे तो तुकडा मला त्याच्या दाराखाली पाचर म्हणून दिसला. भावाचं मत अजून कळलेलं नाही.)

मग मी एका वखारवाल्याला गाठलं. लाकडाचा आडवा काप घेऊन त्यातली बारीक छिद्रं भिंगातून बघायची, ही त्याची पद्धत. पहिला काप नीट आला नाही, दुसऱ्याला चीर गेली, तिसरा भिंगाखाली बसेना. चौथा बघून त्याने आबनूस नाही आणि महोगनीही नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. मग काय आहे, या प्रश्नावर त्याने एक तुकडा जाळून वास घ्या आणि एक उकळून पाण्याचा रंग बघा, असा सल्ला दिला.

तुकडा मी गॅसवर जाळला. धूर भरपूर झाला, पण त्याला पडद्याचाही वास येत होता, त्यामुळे निष्कर्ष काढता आला नाही. उकळण्याचा प्रयोग मात्र यशस्वी झाला. पाणी गडद तांबूस झालं. मी वहीत नोंद करायला गेलो तेवढ्यात बायको शाळेतून दमून आली, तिने ते पाणी गाळून दूध-साखर घातली आणि पिऊन टाकलं. आज पहिल्यांदा तुम्हाला चहा जमलाय, असंही वर म्हणाली. मी काही खुलासा केला नाही.

शेवटी सरकारी प्रयोगशाळा. त्यांना तीन नमुने लागतात. मी पाठवलेले तीन, चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत म्हणून बाद झाले. पुन्हा तीन कापले.

“अहो, नाव कळेपर्यंत लाकूड उरेल ना?” बायकोने विचारलं.

ज्ञानापुढे दोन हात फळीची काय किंमत, असं मी तिला सुनावलं. तोवर ती वीतभर राहिली होती.

सासरे यायच्या दिवशी सकाळीच अहवाल आला. मी तो चार वेळा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दुपारी मंडळी आली. टेबलाला सहाच जण बसतात, तेव्हा दोन पाळ्या करू, असं बायको म्हणाली. दोन कशाला, असं म्हणत सासऱ्यांनी, त्यांनीच लग्नात दिलेल्या आमच्या जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढलं. एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे बंधू उभे राहिले आणि दोघांनी ओढताच टेबल मधोमध उघडलं. एका बाजूच्या कडेला दोन खुंट्या होत्या. दुसऱ्या बाजूला दोन भोकं.

“जावईबापू, माळ्यावर मधली फळी आहे. तेवढी आणा,” सासरे म्हणाले. “तुम्ही दोघं बाहेर गेला होतात तेव्हा मीच ठेवली होती.”

फळीचं जे उरलं होतं ते मी आणलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मी मान खाली घातली नाही. खिशातला कागद काढला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, “बाबा, हे अक्रोडाचं लाकूड आहे. हा शिक्का.”

सासऱ्यांनी अहवाल शांतपणे वाचला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. (अकरा वर्षांत पहिल्यांदा. याची नोंद व्हावी.) “आता जरा टेबलाखाली बघा. वखारीतली सवय. प्रत्येक सामानाच्या खालच्या अंगाला मी लिहून ठेवतो.”

मी रांगत टेबलाखाली गेलो. लाल रंगात, ठसठशीत अक्षरात, आमच्या लग्नाच्या आठवड्यातली तारीख घालून लिहिलं होतं, ‘लाकूड : अक्रोड. मधली फळी माळ्यावर. जावयाच्या हाती लागू देऊ नये.’