साखळी अकोटच्या अलीकडे वाजते

गुणवंतराव आपल्या फटफटीचं इंजिन कानानं तपासत. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी आणि डोळे मिटलेले. अशा वेळी गल्लीतून जाणारा नुसता खाकरला तरी ते हात वर करून म्हणत, "चूप राहा बाप्पा. ते सांगून राहिली."

अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळामास्तर, ते कचेरीत कारकून. लढाईनंतर लिलावात निघालेली ती विलायती फटफटी त्यांनी कुठून तरी मिळवली होती. तिच्या पोटात एक बारीक साखळी फिरते आणि तीच वरच्या झडपा वेळेवर उघडते, मिटते, हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. दूधवाल्याला, वकिलांना, आणि एकदा शेजारी मयतीला आलेल्या पाहुण्यालासुद्धा.

"थंडी असताना खडखडली अन् तापल्यावर चूप झाली, तं तान देनाऱ्या पट्टीचा दोष," ते सांगत. "तापल्यावरही खडखडली, तं साखळी लांबली. अन् दोन्हीतलं काईच नसलं, तं ते नाराज आहे."

नाराजीवर औषध नव्हतं. तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं, एवढंच. ते बसतही. पायरीवर, चहाचा कप गुडघ्यावर ठेवून, गार होईपर्यंत.

माणसांनाही ते हाच हिशेब लावत. आमचे हेडमास्तर म्हणजे साखळी लांबलेला माणूस. माझ्या बायकोचं शिवणयंत्र कुरकुरायला लागलं, तर पेचकस घेऊन आले, बराच वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "मशीनले काई नाई झालं. तुमी घरी कमी राहाता."

दर रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून ते अकोटच्या रस्त्याला लागत आणि दुपारच्या आत परत येत. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "जिनाच्या अलीकडं साखळी वाजली. घेतली मांगं."

जिन म्हणजे अकोटच्या वेशीवरचा, कापसातली सरकी काढायचा कारखाना. पुढे कोणी विचारत नसे. अकोटच्या शाळेत त्यांची एकुलती एक मुलगी शांता शिकवत होती. आई गेल्यावर तिला यांनीच वाढवलं. तिच्या वाकड्यातिकड्या वेण्यासुद्धा हेच घालत. तिनं तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं आणि ते झाल्यावर बापाला कळवलं. गुणवंतराव तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मी काई नाई म्हनलो असतो थोडी? इचारलं तं असतं." त्यानंतर तिचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

एका रविवारी मला अकोटला काम निघालं. "चाला, बसा मांगं," ते म्हणाले. कापसाचे दिवस होते. पूर्णेचा पूल मागे पडला, तशा कापसाच्या गाड्या लागल्या. रस्त्याच्या बाभळी अंगाला पुंजके चिकटून पांढऱ्या झाल्या होत्या. कोवळं ऊन, काळी शेतं आणि इंजिनाचा एकसुरी आवाज. गुणवंतरावांच्या पाठीला टेकून मला डुलकी लागली. आपण रस्त्यानं नाही, कापसावरून चाललो आहोत असं वाटत होतं.

जाग आली ती फटफटी थांबल्यावर. समोर जिनाचं धुराडं दिसत होतं. त्याच्या पलीकडे गाव.

"आयकलं?"

"काय?"

"खडखड."

मी तर काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, बाजूचं झाकण काढलं आणि साखळीला ताण देणाऱ्या पट्टीचा स्क्रू ढिला केला. मग हात तसाच राहिला. ते धुराड्याकडे बघत बसले. वाऱ्यावर कापूस तरंगत येत होता; त्यांच्या टोपीवर बसला, मिशीवर बसला. त्यांना पत्ता नव्हता. मी लिंबाखाली बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी झाकण लावलं. "आज नाई जमत, मास्तर. तुमी एखाद्या गाडीवर बसून जा. मी फिरतो मांगं."

त्यांनी किक मारली. फट्ट असा आवाज झाला, धूर निघाला आणि इंजिन गप्प. पुन्हा मारली. काही नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"स्क्रू ढिलाच राह्यला," ते हळूच म्हणाले. "साखळीनं चक्रीचा दात सोडला."

"मग आता?"

"आता ढकलतच न्या लागते. अकोला लय दूर आहे."

दोघांनी फटफटी ढकलायला घेतली. जिनाशी पोचलो तोच समोरून एक बाई भराभर येताना दिसली. पदर खोचलेला, हाताला कणीक. आम्हाला पाहून ती थबकली आणि गुणवंतरावही थांबले. शांताच होती ती.

"लागलं तं नाई ना, बाबा?"

त्यांनी मान हलवली.

"दर ऐतवारी फटफटीचा आवाज जिनापावतर येते अन् मांगं जाते," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आज आला, पन मांगं गेलाच नाई. मले वाटलं, पडले का काय. पोया तशाच टाकून निंगाली."

गुणवंतराव काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साखळी," आणि सांगायलाच लागले. पट्टी कशी असते, स्क्रू कसा राहिला, एक दात सुटला की झडपांची वेळ कशी चुकते. लहानपणापासून तिनं हे किती वेळा ऐकलं असेल! तरी ती प्रत्येक वाक्याला "हो, बाबा" म्हणत होती. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी सांगायला काही उरलं नाही.

"तवा इचारलं नाई मी," शांता म्हणाली. "आता इचारून राहिली. घरी येता, बाबा?"

हँडलवरचा एक हात काढून ते थोडे बाजूला सरले. शांतानं ती मूठ धरली आणि बापलेक पुढे चालू लागले. मी मागून ढकलत राहिलो.