कमानीच्या बाजूने

सहल रद्द न करण्याचा निर्णय माझा. निर्णय कसला, मी फोनवर भडकलो. सहलीच्या ऑफिसातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, तिन्ही सीटा रद्द करू ना?" माझं डोकंच फिरलं. "रद्द कशाला? येणार आम्ही!" म्हणून मी फोन आपटला. (मोबाइल आपटायचा नसतो, हे नंतर कळलं.)

सीटा दादानं काढल्या होत्या. आई, तो आणि मी. आमच्या गावाहून बसनं, एका दिवसात क्योतोची दोन बुद्धमंदिरं आणि शेवटी एक शिंतो देवस्थान. मग मार्चमध्ये, चौतिसाव्या वर्षी, दादा आंघोळीला गेला तो गेलाच.

लोक म्हणतात, रडून घे. मला रडू येत नाही, त्याचा राग येतो. नव्या वर्षाला आम्ही कडाकडा भांडलो होतो. त्यानंतर तो एकटाच त्या देवस्थानात जाऊन नवसाची लाकडी पाटी टांगून आला. "तुझ्याबद्दल लिहिलंय," म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"देवाला सांगितलंय. तुला कशाला सांगू?"

भांडण तसंच राहिलं आणि हा निघून गेला. आता त्याच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, ते त्या पाटीलाच ठाऊक.

बसमध्ये आईच्या आणि माझ्या मधली सीट रिकामी. एका आजोबांनी विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"आहे!" मी ओरडलो.

आजोबांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरकले. आईनं त्यांना वाकून सांगितलं, "माफ करा हं. भुकेला असला की असं करतो." (मी नुकतेच तीन भाताचे गोळे खाल्ले होते.)

आमच्या गाइड हातानाका बाई. हातात पिवळं निशाण, गळ्यात स्पीकर. पहिल्या मंदिरात सगळे बुद्धाकडे बघत होते, मी छपराकडे. कौलं बसवणं हा माझा धंदा. "तिसऱ्या ओळीतलं कौल सुटलंय," मी भिक्षूला सुनावलं. त्यानं हात जोडून नमस्कार केला. भांडायची सोयच ठेवली नाही.

दुपारी देवस्थान आलं. लाल कमानीपाशी आई थांबली. "तू जाऊ नकोस, मीही येत नाही. पन्नास दिवस सुतक, तोवर देवाच्या कमानीखालून जायचं नसतं. आज एकेचाळिसावा."

"मग नऊ दिवसांनी येऊ."

तेवढ्यात स्पीकर बोलला, "मंडळी, नव्या वर्षाच्या पाट्या आज शेवटच्या बघून घ्या. उद्या त्या होमात जाळणार आहेत."

म्हणजे दादाचीही! "आई, कमानीखालून जायचं नाही ना? मी बाजूनं जातो."

"सोकिची! देव काय आंधळा आहे?"

"नाही ना? मग दादा कसा दिसला नाही त्याला?"

बोललो ते चुकलं हे कळत होतं, पण माघार घेणं मला कुठे जमतं? कमानीचा खांब आणि दगडी दिवा यांच्यामधून मी अंग घातलं. अंगावर दादाचा कोट, माझ्यापेक्षा दोन मापं मोठा. तो अडकला. मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"साहेब," स्पीकरवरून बाई म्हणाल्या, "मधला रस्ता मोकळा आहे!"

"दिसतोय मला!"

दोन बटणं तिथेच ठेवून मी आत पोचलो. पाट्या शेकडो. दादाचं अक्षर लांबूनच ओळखलं. कुंचल्यानं एका दमात ओढलेलं, झोकदार. त्यातलं मला वाचता आलं फक्त माझं नाव. शाळा अर्धवट सोडल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

"बाई, वाचा हे! लवकर!"

बाई घाबरल्या आणि वाचू लागल्या. स्पीकर बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"'देवा, माझा धाकटा भाऊ सोकिची सगळ्यांशी भांडतो आणि मग स्वतःच उपाशी बसतो. त्याचा राग थोडा कमी कर. परवाच्या भांडणात चूक माझी होती. पण हे त्याला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल.'"

सगळं आवार माझ्याकडे बघत होतं. मी ओरडलो, "बघताय काय? आमच्या घरचा मामला आहे हा!"

"अगं बाई," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "देव अजून पावलेला नाही."

बसमधले ते आजोबा पुढे झाले, गाभाऱ्याकडे वळले. त्यांच्यामागे सबंध बस वळली. मग रीतीप्रमाणे एकतीस अनोळखी माणसांनी माझ्या रागासाठी दोनदा वाकून दोनदा टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ कमानीबाहेरून आणखी दोन टाळ्या आल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

सुतकात देवाकडे काही मागायचं नसतं. पण आई म्हणते, हे काम आणखी नऊ दिवस थांबण्यासारखं नव्हतं.